वीस बाइटांचा प्रसाद

त्या सकाळी आमच्या ऑफिसच्या जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तिसऱ्या मजल्यावर सर्व्हरची खोली आहे. तिच्या दारासमोर बहात्तर माणसं ओल्या छत्र्या काखेत धरून टाचा उंचावून उभी होती. आमच्या लुओदोंग गावात पाऊस बारमाही, त्यामुळे छत्रीचं पाणी कुणाच्या बुटात गळतंय याचं कुणाला काही नव्हतं. आत वेन गुरुजी होते, आणि ते चमत्कार करणार होते.

दाराशी टेबल, टेबलावर लाल कापड, कापडावर शुभ आकडा म्हणून मोजून एकशे अडुसष्ट हिरवे पुडे. मक्याचा कुरकुरीत खाऊ, खोबऱ्याच्या चवीचा. पोरं गप्प बसावीत म्हणून आया देतात तो. पोरं बसतात तर यंत्रंही बसतील, या न्यायानं आमच्याकडे जिथे यंत्र तिथे हा पुडा असतोच. बँकेत, हॉस्पिटलात, लिफ्टच्या टपावरसुद्धा. पुडा हिरवाच लागतो, कारण हिरवा दिवा म्हणजे काम चालू. स्वागतकक्षातल्या पोरीनं घाईत एक पिवळा आणला होता. गुरुजींनी तो मेलेल्या उंदरासारखा दोन बोटांत उचलला.

"हा इथे राहिला असता तर काय झालं असतं, ते मी तोंडानं बोलत नाही," ते म्हणाले.

पोरगी रडायची तेवढी बाकी होती.

आता काम काय होतं ते सांगतो. आमची संस्था म्हाताऱ्या माणसांची त्यांच्या घरी जाऊन काळजी घेते. सहा हजार एकशे चाळीस आजी-आजोबा, पाचशे ऐंशी सेविका. सेविका घरी जाते, आंघोळ घालते, भरवते, औषध देते आणि काय काय झालं ते फोनवर लिहिते. ते सगळं येऊन पडतं एका डेटाबेसमध्ये. दर दोन-तीन सेकंदाला कुणीतरी काहीतरी लिहीतच असतं. त्या डेटाबेसची रोज एक प्रत काढून बाजूच्या पेटीत ठेवायची, हे माझं काम. माझं नाव लान च्या-बिन. सगळे आ-बिन म्हणतात, रागावले की लान साहेब.

चालत्या डेटाबेसची प्रत काढणं म्हणजे बाजारातल्या गर्दीचं हातानं चित्र काढणं. तुम्ही डोकी काढून पायांपर्यंत येता, तोवर माणूस मासळीच्या गाळ्यावरून भाजीच्या गाळ्यावर गेलेला असतो. नावांची यादी दहाला उतरवली, औषधांची बाराला, आणि मधल्या दोन तासांत एक आजी वारली, दोन नव्या आल्या. मग प्रतीत औषध आहे तर आजी नाही, आजी आहे तर औषध नाही. तसं होऊ नये म्हणून यंत्राला सांगावं लागतं, बाबा रे, दहा वाजताचं जग जसंच्या तसं धरून ठेव, आणि वर नवी कामंही कर. त्यात यंत्राला धाप लागते. आमची प्रत सहा तास चालायची आणि सहा तास सेविकांचे फोन अडकायचे. रात्री काढावी तर म्हातारी माणसं रात्रीच जास्त जागी. पाचशे ऐंशी बायकांच्या शिव्या मी आठ वर्षं भातासोबत खाल्ल्या.

गुरुजी म्हणाले होते, पाच मिनिटांत होईल आणि यंत्राला कळणारसुद्धा नाही.

हे वेन गुरुजी आधी मोबाइलचे शुभ नंबर निवडून द्यायचे. त्याच्या आधी पाण्याचे फिल्टर. आमच्याकडे ज्याला काम येतं त्याला नावानं हाक मारतात आणि ज्याला बोलता येतं त्याला गुरुजी म्हणतात. हातात लाकडी मण्यांची माळ, अंगात बारा खिशांचं जाकीट, आणि चहाचा थर्मास, जो ते बोलताना मायक्रोफोनसारखा धरायचे.

"डेटा म्हणजे काय?" त्यांनी गर्दीला विचारलं. "डेटा म्हणजे पाणी. पाणी अडवलं की सडतं. हे लान साहेब आठ वर्षं पाणी अडवून बसले होते."

बहात्तर माणसांनी माझ्याकडे वळून बघितलं.

"नदी कशाला अडवायची? नदीची सावली उचलायची. नदीला कळतं का, तिची सावली कुणी नेली?"

"नाही," गर्दी म्हणाली.

माझ्या शेजारी आ-च्वान ताई उभी होती. अठ्ठावन्न वर्षांची, आमची सर्वांत जुनी सेविका. ती माझ्या कानाशी म्हणाली, "नदीला सावली असते होय रे?"

"गप्प बस ताई. शुभ वेळ चाललीय."

गुरुजींनी कळ दाबली. भिंतीवरच्या पडद्यावर सेविकांच्या फोनचा वेग दिसत होता. रेघ सरळ, हलायचं नाव नाही. एक मिनिट, दोन, तीन. कुणीतरी खोकलं तर चौघांनी त्याला चिमटे काढले. पाच मिनिटं झाली आणि हिरवा दिवा लागला. पडद्यावर अक्षरं आली: प्रत यशस्वी.

टाळ्या झाल्या. आमचे संचालक श्याओ साहेब चष्मा काढून डोळे पुसत होते. जुळ्या नातवंडांच्या वेळीही ते एवढे भरून आले नव्हते.

"गुरुजी," मी विचारलं, "फाइल केवढी झाली?"

गुरुजी हसले. "लान साहेब, प्रसादाचं वजन करतात का?"

जो हशा पिकला त्यात मी बुडालो. मग त्यांनी प्रतींसाठी आणलेल्या नव्या पेटीवर लाल कागद चिकटवला. कागदावर काळ्या शाईत लिहिलं होतं, उघडू नये. प्रत काढली की ती झोपते, म्हणाले, झोपेत तिच्यात बळ साठतं, आणि उगाच उघडली तर विटते. शिवाय काही चुकलं तर मागे फिरता यावं म्हणून यंत्र प्रत्येक बदल क्रमानं एका रोजनिशीत लिहून ठेवायचं, ती रोजनिशी त्यांनी बंद करून टाकली. जुन्या गोष्टी उगाळणारं यंत्र पुढे जात नाही म्हणे. आणि शेवटचा नियम: इमारतीत अननस आणायचा नाही. अननस भरभराट आणतो, भरभराट म्हणजे वर्दळ, आणि वर्दळीनं यंत्र दमतं. दुसऱ्या दिवसापासून पहारेकरी दारात डबे तपासायला लागला. श्याओ साहेबांच्या सासूबाईंनी पाठवलेल्या अननसाच्या वड्यांचा अख्खा खोका त्यानं जप्त केला आणि, त्याच्याच शब्दांत सांगायचं तर, एकट्यानं नष्ट केला.

चमत्काराची कीर्ती पसरली. शेजारच्या गावातल्या दोन संस्था बघायला आल्या. तीन महिन्यांनी आणखी एक चमत्कार लक्षात आला: रोज एक प्रत ठेवूनही पेटी भरतच नाही. माझी जुनी पेटी दर महिन्याला तुडुंब भरायची, मग एकेक जुनी प्रत पुसून जागा करावी लागायची. ही मात्र शंभर प्रती पोटात घालून भुकेलीच.

"अक्षयपात्र," गुरुजी म्हणाले.

श्याओ साहेबांनी माझी जुनी पेटी पुसून घेतली आणि तिच्यात शरदाच्या पौर्णिमेला संस्थेनं केलेल्या बार्बेक्यूचे फोटो ठेवले.

मी त्यांच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, "साहेब, एक प्रत परत उभी करून बघू या. एक रिकामं यंत्र द्या, मी शनिवारी येऊन करतो."

"का?"

"आत काय आहे ते बघायला."

"आ-बिन," ते प्रेमानं म्हणाले, "आठ वर्षांत तुझ्याबद्दल किती तक्रारी आल्या? आता किती येतात?"

"एकही नाही."

"मग तुला दुखतंय कुठे?"

मी उठून आलो. खरं सांगायचं तर मलाही दुखत नव्हतं. फोन वाजत नव्हता. जेवण गरम असताना जेवता येत होतं. रोज सकाळी पडद्यावरचा हिरवा दिवा बघायचा आणि नोंदवहीत 'यशस्वी' लिहून सही करायची, अधूनमधून सर्व्हरवरचे पुडे बदलायचे, एवढंच काम उरलं होतं. पेटीत डोकावून फाइलींची यादी बघायला मला दोन सेकंद लागले असते. मी श्रद्धाळू नाही, पुड्यातला खाऊ मी दुपारी खातो. पण तो लाल कागद फाडणारा माणूस आपण ठरू, आणि त्यानंतर जगात काहीही बिघडलं तरी ते आपल्या नावावर जाईल, एवढी भीती पुरते. ते दोन सेकंद मला चारशे बारा दिवसांत सापडले नाहीत.

आता माझ्या आईबद्दल सांगायला हवं. आई शहाऐंशी वर्षांची. बाजारामागे तिचं कपडे दुरुस्तीचं दुकान होतं. चार वर्षांपूर्वी ती मला विसरली. तेव्हापासून सोमवार ते शनिवार आ-च्वान ताई तिच्याकडे येते आणि रविवारी मी असतो. सेविकांच्या नोंदीत शेवटी एक रकाना आहे, 'इतर'. बाकीच्या बायका तिथे लिहितात, पंखा बिघडलाय, डायपर संपले. आ-च्वान ताई तिथे आईनं त्या दिवशी बोललेलं एक वाक्य लिहायची, शब्द न बदलता.

"हा पाऊस उलट्या बाजूनं शिवलाय."

"तुझा नवरा चांगला आहे का गं? माझा बरा होता, पण घोरायचा, म्हणून गेला."

"डोंगराची शिवण उसवलीय, संध्याकाळपर्यंत कुणीतरी टाका घाला."

"आ-बिन लहान आहे. त्याला काही सांगू नका."

गेल्या हिवाळ्यात आई बोलायचीच थांबली. एक शब्द नाही. तोपर्यंतची नऊशेच्या वर वाक्यं त्या रकान्यात होती. मी रोज जेवताना फोनवर एक वाचायचो, फक्त एक, लवकर संपू नयेत म्हणून. वहीत उतरवून घ्यावीत असं कधी मनात आलं नाही. त्यांची रोज प्रत निघत होती, आणि खाली सही माझी होती.

एकदा मी ताईला म्हटलं, "ताई, तू हे सगळं लिहितेस, बरं करतेस."

"लिहायला काय लागतं," ती म्हणाली. तेव्हा ती आईला गोळी देत होती. गोळी दिली, पाणी पाजलं, आईच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "आजी, आ करा. जीभ वर." वाकून बघितलं आणि मग फोनवर टिचकी मारली.

"रोज बघतेस?"

"नियमच आहे. औषध 'दिलं' असं लिहायचं नाही, 'घेतलं' लिहायचं. आणि जीभ वर करून बघितल्याशिवाय ते लिहायचं नाही. म्हातारी माणसं गालात धरून ठेवतात रे, आणि तू बघत असलास की गोड हसतात." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "तुमचे ते गुरुजी बघतात का, जीभ वर करून?"

मी हसण्यावारी नेलं.

चारशे तेराव्या दिवशी सकाळी गुरुजी वार्षिक तपासणीला आले. पुन्हा टेबल, पुन्हा पुडे, पुन्हा गर्दी. त्यातच पान साहेब नावाचे एक गृहस्थ आले होते. त्यांच्या वडिलांच्या नोंदीत सेविकेनं चुकून 'माशाचा काटा गिळला' असं लिहिलं होतं. खरं तर आजोबांनी काटा थुंकला होता.

"माझी बहीण कॅनडातून रोज हे वाचते," पान साहेब म्हणाले. "ती मला सोडणार नाही. एवढा एक शब्द बदलून द्या."

मी पुढे झालो. गुरुजींनी हात आडवा धरला. "मी माझ्या हातानं करतो. चालत्या यंत्रावर, न थांबवता. नऊ वाजून नऊ मिनिटांनी. सगळ्यांनी बघा."

त्यांनी यंत्राला सांगितलं: 'इतर' या रकान्यात लिही, माशाचा काटा थुंकला. कुणाच्या, ते सांगितलं नाही. यंत्राला असं सांगितलं की ते 'कुणाच्या?' असं विचारत नाही, सगळ्यांच्याच लिहून मोकळं होतं.

त्याला चार मिनिटं लागली. एक शब्द बदलायला चार मिनिटं का लागतात, हे गर्दीतल्या कुणी विचारलं नाही. मला शंका आली, पण मी दाराशी होतो आणि मधे शंभर माणसं होती. मग हिरवा दिवा लागला. टाळ्या झाल्या. आणि टाळ्या संपायच्या आत फोन वाजायला लागले.

पहिला सानशिंग गावातल्या सेविकेचा. "माझ्या आजीच्या पानावर कुणी मासा आणला? चाळीस वर्षं शाकाहारी आहे ती. तिचा मुलगा माझ्या अंगावर धावून येतोय."

दुसरा. "आमचे आजोबा मंगळवारी गेले. मंगळवारी काटा थुंकला, ठीक आहे. पण बुधवारचं पान कोण लिहितंय?"

तिसरा, चौथा, मग सगळेच. सहा हजार एकशे चाळीस म्हाताऱ्यांनी अकरा वर्षं रोज, आजारपणात, सणासुदीला, बेशुद्धीत, मेल्यावरसुद्धा माशाचा काटा थुंकला होता. संकटासाठी आम्ही शेजारी एक जुळं यंत्र ठेवलं आहे. पहिलं करील ते दुसरं त्याच क्षणी करतं. त्या गुणी जुळ्यानंही सगळे काटे थुंकून ठेवले होते.

मी फोन काढला आणि आईचं पान उघडलं. काटा थुंकला. आदला दिवस, काटा थुंकला. मी अंगठ्यानं वर सरकवत गेलो, चार वर्षं मागे. पाऊस नाही, डोंगर नाही. सगळीकडे तो काटा.

वर सभागृहात सगळे जमले. श्याओ साहेबांचा चेहरा उकडलेल्या मुळ्यासारखा झाला होता. गुरुजी मात्र थर्मासमधून चहा ओतत होते.

"घाबरता कशाला? चारशे तेरा प्रती आहेत. परवा दुपारी एक वाजून आठ मिनिटांनी चांगली वेळ आहे, तेव्हा उघडू."

"आत्ता उघडा," मागून कुणीतरी म्हणालं. आ-च्वान ताई होती. रेनकोटसुद्धा काढला नव्हता.

"ताई, अवेळी उघडली की प्रत विटते."

"विटू दे की एक. चारशे तेरा आहेत ना? चारशे बारा उरतील."

लोक कुजबुजायला लागले. श्याओ साहेब म्हणाले, "आ-च्वान ताई, तुम्हाला यातलं काही कळतं का?"

"नाही साहेब. मला म्हाताऱ्या माणसांतलं कळतं. ज्याचं तोंड रिकामं असतं तो लगेच आ करतो. गालात गोळी धरलेलाच म्हणतो, परवा ये." ती माझ्याकडे वळली. "आ-बिन, जा. कागद काढ."

मी गेलो. कागद ओढला तर तो एवढ्या सहज निघाला की मलाच लाज वाटली. गोंद केव्हाच सुकला होता. मी पेटीतली यादी सभागृहातल्या पडद्यावर लावली. डावीकडे फाइलींची नावं, उजवीकडे वजन. पहिली फाइल वीस बाइट. दुसरी वीस, तिसरी वीस. चारशे तेराच्या चारशे तेरा, प्रत्येकी वीस बाइट.

"वीस म्हणजे पुष्कळ का?" पान साहेबांनी विचारलं.

"तुमच्या वडिलांचं नाव आणि पत्ता लिहिला तर वीसमध्ये मावणार नाही," मी म्हटलं. "आमचा सगळा डेटा याच्या कित्येक अब्ज पट आहे."

मग मी गुरुजींनी यंत्राला लिहून दिलेल्या सगळ्या सूचना उघडल्या आणि वाचून दाखवल्या. जादू काय होती ते साध्या शब्दांत सांगतो. प्रत काढायला दोन गडी असतात, एकामागे एक. पहिला डेटाबेसमध्ये जाऊन माल बाहेर काढतो, दुसरा तो पिशवीत भरून गाठ मारतो. गुरुजींनी आल्या आल्या शुद्धीकरण म्हणून डेटाबेसचा पासवर्ड बदलून शुभ आकड्यांचा केला होता. पहिल्या गड्याला हे सांगायचं ते विसरले. तो बिचारा रोज जुनी किल्ली घेऊन जायचा आणि दारातूनच हाकलला जायचा, एका सेकंदाच्या आत. दुसरा गडी पिशवी उघडून उभा. काही आलं नाही, तर त्यानं रिकाम्या पिशवीलाच गाठ मारली. ती गाठ म्हणजे वीस बाइट. आणि हिरवा दिवा फक्त दुसऱ्या गड्याला विचारायचा, गाठ मारलीस का? तो खरं तेच सांगायचा, मारली.

म्हणून यंत्राला धाप लागली नाही, कारण कुणी त्याला हातच लावला नव्हता. म्हणून अक्षयपात्र भरलं नाही.

"मग पाच मिनिटं कसली लागायची?" श्याओ साहेबांनी अगदी बारीक आवाजात विचारलं.

त्याचंही उत्तर तिथेच होतं. गाठ मारल्यानंतर एक ओळ होती: तीनशे सेकंद थांब. आणि तिच्यावर गुरुजींनी स्वतःसाठी टिपण लिहून ठेवलं होतं, चमत्काराच्या आदल्या दिवशीच्या तारखेचं. फार लवकर संपतंय. लोकांना पटणार नाही.

मी ते दोनदा वाचलं.

"मला वाटलं, वेगच तेवढा आहे," गुरुजी म्हणाले. एवढं एक वाक्य त्यांनी थर्मास खाली ठेवून म्हटलं.

मला वाटलं, आता संपलं. आता कुणीतरी उठेल, माळ ओढेल, निदान शिवी तरी देईल. उठली ती स्वागतकक्षातली पोरगी. तिच्या हातात सर्व्हरवरचा पुडा होता.

"साहेब," ती म्हणाली, "याची तारीख काल संपली."

सभागृहात जो सुस्कारा निघाला तो मी मरेपर्यंत विसरणार नाही. लोकांचे खांदे खाली आले. चेहऱ्यांवर रंग परतला. हां हां म्हणता पुडा पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फिरला आणि प्रत्येकानं तारीख वाचून मान डोलावली. पान साहेबांनीसुद्धा.

"पुडे बदलायचं काम कुणाकडे होतं?" गुरुजींनी विचारलं. त्यांनी थर्मास पुन्हा हातात घेतला होता.

ते माझ्याकडे होतं.

"अहो, पिशव्या चारशे तेरा दिवस रिकाम्या आहेत," मी म्हटलं. "पुड्याची तारीख काल संपली. कालपर्यंतच्या चारशे बारा दिवसांचं काय?"

"लान साहेब," गुरुजी शांतपणे म्हणाले, "तारीख संपायच्या आधीच खाऊ मऊ पडतो. हे लहान पोरालासुद्धा माहीत आहे."

लोक हसले. मला ताकीद मिळाली, लेखी. संस्थेनं दुसऱ्या दिवशी एकशे अडुसष्ट नवे पुडे आणले. मला दुसऱ्या मजल्यावर बसवलं आणि नवीन काम दिलं: इमारतीतल्या सगळ्या पुड्यांच्या तारखा तपासणं. प्रतींचं काम आता गुरुजींची माणसं बघतात. प्रत सात मिनिटांची झालीय. पाच मिनिटांत पुरतं बळ भरत नव्हतं म्हणे. पासवर्ड दुरुस्त केला का, रोजनिशी चालू केली का, एखादी प्रत रिकाम्या यंत्रावर उभी करून कुणी एक पान तरी वाचलं का, मी जिन्यात भेटेल त्याला विचारतो. कुणाला माहीत नाही. पेटी अजून भरलेली नाही, एवढं कळलं.

बार्बेक्यूचे फोटो मात्र शाबूत आहेत. मी उघडून बघितले. श्याओ साहेब सॉसेज उलटतायत, असे एकोणचाळीस.

आ-च्वान ताईनं दुसऱ्या दिवशी आईच्या पलंगाशी बसून आठवायचा प्रयत्न केला. मी वही घेऊन बसलो. पाऊस आठवला, डोंगर आठवला, नवरा आठवला. मग ती बराच वेळ बोटं मोजत बसली.

"बदकांचं काहीतरी होतं," ती म्हणाली. "फार हसले होते मी त्या दिवशी. पण काय ते..."

"असू दे ताई."

"लिहिलं होतं म्हणून विसरले रे. लिहिलं नसतं तर लक्षात ठेवलं असतं."

अकरा वाक्यं झाली, त्यात दोन तिची स्वतःचीच असावीत असा मला संशय आहे. मी ती आईला वाचून दाखवली. आई खिडकीकडे बघत होती.

त्या रविवारी ताईची सुट्टी. आईला गोळी मी दिली. तिनं तोंड उघडलं, पाणी घेतलं, घोट गिळला आणि माझ्याकडे बघून गोड हसली. चार वर्षं मी दर रविवारी हे हसू बघून 'औषध घेतलं' वर टिचकी मारली होती. या वेळी अंगठा फोनवर नेला आणि थांबलो.

"आई, आ कर. जीभ वर."

ती करेना. मी हनुवटीला हात लावला, ताई लावते तसा. जिभेखाली गोळी होती. अख्खी, पांढरी, जशी पाकिटातून निघाली तशी.

पुढे काय शिकायचं ते तुम्हाला कळतंय, तरी लिहितो, कारण आमच्या सभागृहात शंभर जणांना ते डोळ्यांनी दिसलं आणि तरी कळलं नाही. पुडे ठेवा, मुहूर्त बघा, अननस टाळा, त्यानं कुणाचं काही जात नाही. पण जो म्हणेल की उघडू नका, वजन करू नका, परवा या, त्याची पेटी तिथल्या तिथे उघडा. प्रत काढलेली नसते, जोवर ती परत उभी करून कुणी वाचलेली नाही. मला हे लाल कागद चिकटवला त्या दिवशीसुद्धा माहीत होतं. माहीत असून मी सह्या करत राहिलो.

त्या रविवारच्या नोंदीत मी लिहिलं, औषध घेतलं नाही. मग खालच्या 'इतर' रकान्यात गेलो. तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून तो मोकळाच ठेवला.